दुखवट्याच्या साड्या आणि चंद्रप्रकाश

माझं नाव रत्नप्रभा घाडी. ते आधीच सांगून टाकते, कारण ज्या साड्यांची ही गोष्ट आहे त्या अंगावर असताना कोणी नाव विचारलं, की मी नुसतं "घाडी" एवढंच सांगायचे. तसली साडी नेसून रत्नप्रभा म्हणवून घ्यायला माझी मलाच लाज वाटायची.

आम्ही लालबागच्या चाळीतून चारकोपला राहायला आलो ते १९८६ साली. आमचे हे, म्हणजे गुणाजी, परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. संपात गिरणी बुडाली. मग त्यांनी मिळेल तिथे, पार भिवंडीपर्यंत जाऊन रंगाची कामं केली. चारकोपच्या सेक्टरात स्वतःचं घर झालं तेव्हा म्हणाले, "आता जरा बसतो." बसले ते काविळीने आडवेच झाले आणि पुन्हा उठले नाहीत. चाळिशीही पुरती झाली नव्हती. त्याबद्दल मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला माहेरची माणसं दुखवट्याची साडी आणतात. माझ्या माहेरची माणसं अकलेने बेताची असली तरी संख्येने भरपूर आहेत. भाऊ आले, चुलतभाऊ आले, मामा आले, मामाचे जावईसुद्धा आले. प्रत्येकाच्या काखेत कागदात गुंडाळलेली एकेक साडी. एकमेकांना कोणी विचारलं नव्हतं, तरी सगळ्यांनी एकच साडी आणल्यासारखं दिसत होतं. एक पांढरी सुती, एक मोतिया, एक बदामी, एक राखाडी, दोन पांढऱ्यावर करड्या ठिपक्यांच्या, एक कसल्या रंगाची होती ते मला आजही सांगता येणार नाही, उकडलेला दुधी समजा. दुकानात "दुखवट्याची दाखवा" म्हटलं की दुकानदार फळीखालून एक वेगळाच गठ्ठा काढतो. मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्यांच्या दुःखासाठी मीही त्याच गठ्ठ्यातून ओढलेली आहे.

त्या साड्या मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात लावल्या आणि वरच्या कप्प्याला कुलूप घातलं.

वरच्या कप्प्याबद्दल काय सांगू! त्यात माझ्या अठरा वर्षांच्या संसारातल्या चांगल्या साड्या होत्या. चांगल्या म्हणजे न नेसलेल्या. लग्नातला शालू, आहेरात आलेल्या नायलॉनच्या, दिवाळीच्या दिवाळीला घरात आलेल्या. प्रत्येक साडी हातात पडली की मी म्हणायचे, "ही ठेवते, कधीतरी होईल." मग तिच्यात डांबराच्या गोळ्या घालून ती ठेवून द्यायची. रोज नेसायला माझ्याकडे दोनच असायच्या, एक अंगावर आणि एक दोरीवर. दोरीवरची वाळली नाही तर ओलीच नेसायची, पण वरचा कप्पा उघडायचा नाही. असं मी अठरा वर्षं सांभाळलं आणि "कधीतरी" उजाडायच्या आत नवरा गेला. आता तर प्रश्नच मिटला, असं मी मनाशी धरून चालले. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझी मीच धरून चालले. असल्या कामात मी पहिल्यापासून हुशार.

घरात आम्ही तिघी. मी, आठवीतली मुलगी प्रेमा आणि सासूबाई, सुंदराबाई. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या, प्रेमाला पुस्तकं, आणि कमावतं कोणी नाही. औद्योगिक वसाहतीत डब्यांना लेबलं चिकटवायचं काम मिळत होतं, पण तिथल्या चिकटीच्या वासाने मला पहिल्याच दिवशी ओकारी झाली. तेवढ्यात कळलं की आमच्याच सेक्टरात क्षमाताईंच्या बालवाडीत मदतनीस बाई हवी आहे. क्षमाताई म्हणजे बोरिवलीहून येणाऱ्या, म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आवाज खर्जातला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत या. शिकवायचं मी बघेन. तुम्ही मुलांना जवळ घ्यायचं, खाऊ द्यायचा, शू-शी बघायची. मुलं तुमच्याकडे रमली तर कायम. नाही रमली तर मला दुसरी बघावी लागेल, राग मानू नका."

मी मनात म्हटलं, ह्यात काय आहे? पोर तर मीही वाढवलंय. नोकरी खिशातच टाकली म्हणायची. साडीला खिसा नसतो एवढंच.

पहिल्या दिवशी मी जीव लावून तयार झाले. दुखवट्यातली त्यातल्या त्यात बरी, पांढरी सुती साडी काढली. कांजी घातली, कडक इस्त्री केली, पांढरं पोलकं घातलं, केस घट्ट बांधले. आरशात बघितलं तर चांगली शिकलेली बाई वाटले. पदराला सेफ्टी पिन लावताना तर वाटलं, क्षमाताई मलाच बाई समजतील आणि स्वतः खाऊ वाटायला लागतील.

बालवाडीच्या दारात एक मुलगा उभा होता. वय तीन, उंची माझ्या गुडघ्याएवढी आणि नाव चंद्रप्रकाश. त्याने माझ्याकडे पाहिलं, आधी पायांकडे, मग वर. त्याचं तोंड हळूहळू उघडलं आणि त्यातून असा काही आवाज निघाला की समोरच्या किराणा दुकानातला माणूस बाहेर धावला.

"सुई नको! सुई नको!"

झालं होतं असं की त्याच्या आदल्या आठवड्यात सेक्टरात लस टोचायला नर्सबाई आल्या होत्या. पांढरी साडी, कडक इस्त्री, घट्ट केस. आतल्या मुलांनी चंद्रप्रकाशचं ऐकलं, मान वळवून मला बघितलं आणि त्यांची खात्री पटली. एकजात सगळी रडायला लागली. एकाने तर पाटीच्या मागे दंड लपवला. मी दोन्ही हात पुढे करून, "बघा, माझ्याकडे सुई नाही" म्हणत एकेकाजवळ जायला लागले. माझ्यासारख्या अकलेच्या खंदकाला हे सुचलं नाही की हात पुढे करून जवळ येणाऱ्या पांढऱ्या बाईलाच तर ती भीत होती.

क्षमाताई पहिल्या दिवशी हसल्या. "होईल सवय," म्हणाल्या.

सवय झाली नाही. बाकीची मुलं काही दिवसांनी लांबून माझ्याकडून खाऊ घ्यायला लागली, पण चंद्रप्रकाश मी दिसले की सुरू व्हायचा, आणि तो सुरू झाला की बाकीच्यांना आठवायचं. मी राखाडी साडी नेसून पाहिली. मोतिया नेसून पाहिली. बदामी नेसून गेले त्या दिवशी तो क्षणभर थांबला. मी आशेने पुढे सरकले, तेवढ्यात त्याला ओळख पटली. लिमलेटच्या गोळ्या दिल्या. त्याने त्या घेतल्या, शांतपणे चोखून संपवल्या आणि उरलेलं रडणं पुरं केलं. शेवटी त्याची आई क्षमाताईंना म्हणाली, "ताई, ह्याला दुसरीकडे घालू का?" क्षमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. सुट्टी तर तोंडावर आलेली.

संध्याकाळी नळावर मी शांताबाईला हे सगळं सांगितलं. शांताबाई माझी शेजारीण, मूळची साताऱ्याकडची. तिचं घर बौद्ध, मिस्टर टेलिफोनमध्ये. ती आणि मी एकाच महिन्यात सेक्टरात राहायला आलो, त्यामुळे नळावरची आमची भांडणंसुद्धा बरोबरीची.

"अगं मग रंगाची नेस की!" शांताबाई म्हणाली. "कपाटात हाय ना तुझ्या?"

"तसं कसं? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हितं तुला वळखतंय कोण? निम्म्या घरांना अजून दारं लागली न्हाईत."

"आमच्यात नाही चालत गं. तुमच्यात चालतं."

तशी ती कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "आमच्यात उलटंच हाय यडे. आमच्यात नवरी लग्नात पांढरी नेसती. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळ्या बायका पांढऱ्याच नेसून विहारात जातो. तुझ्या त्या दुखवट्याच्या बघून मला वाटायचं, बाई, ही रोज कुठल्या सणाला निघालीय?"

मी घागर डोक्यावर घेऊन घरी आले. सेक्टरातली निम्मी वस्ती मला रोज सणाला निघालेली समजत होती आणि तीन वर्षांचा मुलगा मला नर्स समजत होता. मी ज्या दुःखाची एवढी इस्त्री करत होते ते कोणाला दिसतच नव्हतं. एवढं कळूनही मी वरचा कप्पा उघडला नाही. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, अंगावर तेच तपकिरी लुगडं. नवरा गेल्यापासून त्यांनी दुसरा रंग नेसलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्या समोरून मी मोरपिशी साडी नेसून कशी जाणार? विचारायचं तरी कसं?

मग माझ्या सुपीक डोक्यातून एक आयडिया निघाली. दुखवट्याच्याच साड्या रंगवायच्या! म्हणजे कोणी विचारलं तर दुखवट्याच्या साड्या नेसते हे खरं, आणि चंद्रप्रकाशला रंग दिसतो हेही खरं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. रंग मी जांभळा निवडला, कारण जांभळा मला अर्धा दुखवटा वाटला.

रंगवायचं कसं हे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी रंगखात्यातल्या माणसाची बायको! अठरा वर्षं लालबागच्या अख्ख्या चाळीला मी कपड्यांबद्दल सल्ले दिलेले. "आमच्या ह्यांच्या खात्यात असं करतात," म्हटलं की बायका माना हलवायच्या. हे रोज रात्री जेवताना खात्यातलं सगळं सांगायचे. पाणी किती तापलं, मीठ किती पडलं, कुठला रंग कुठल्या सुताला धरतो आणि कुठल्याला धरत नाही. मी "हं, हं" करत त्यांच्या हातांकडे बघत बसायचे. नखांच्या कडेला कधी निळा, कधी तांबडा. घासून घासून आमटीभातात हात घालायचे तरी तो असायचाच. ते हात मला फार आवडायचे. त्या हातांचा मालक काय सांगतोय ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण मला वाटलं, रोजच तर सांगतात, घाई काय आहे?

रविवारी मोरीत बादली मांडली. बाजारातून आणलेल्या रंगाच्या पुड्या ओतल्या, गरम पाणी घातलं, साड्या बुचकळल्या, काठीने ढवळल्या. सासूबाई देवळात भजनाला गेलेल्या. प्रेमा दारातून बघत म्हणाली, "आई, ह्यात मीठ नाही का टाकायचं? बाबा म्हणायचे."

"तू अभ्यास कर," मी म्हटलं.

सिंथेटिक साड्यांनी रंग घेतलाच नाही. रंगाच्या पाण्यातून त्या तशाच बाहेर आल्या, फक्त जागोजागी आजारी दिसायला लागल्या. पण पांढऱ्या सुती साडीने कमाल केली. काय रंग चढला होता! पिकल्या जांभळासारखा, ओला आणि दाट. पोलकंही त्यातच रंगवलं. ती साडी दोरीवर टाकून मी लांबून बघितली आणि वर बघून ह्यांना म्हटलं, "बघितलंत? तुमच्याशिवाय जमलं." साडीखालच्या फरशीवर टपटप जांभळं पाणी पडत होतं. ते मला दिसत होतं. मी म्हटलं, पडू दे, जास्तीचा असेल.

सोमवारी जांभळी साडी नेसून बालवाडीच्या दारात उभी राहिले. चंद्रप्रकाशने पायांपासून वर बघितलं. तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. रडू आलं नाही. मी गुपचूप जाऊन कोपऱ्यात बसले, हात मांडीवर, पुढे बिलकूल करायचे नाहीत. थोड्या वेळाने तो एक ठोकळा घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवून गेला. मग दुसरा आणला. मग स्वतःच येऊन बसला.

त्यानंतर काय विचारता! बाकीची पोरं आली. एक पाठीवर, एक खांद्यावर, दोन मांडीवर. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा एकच आणि तोही क्षमाताईंच्या बाजूला. आम्ही सगळे घामाने निथळत एकमेकांना चिकटून बसलो होतो आणि मी इतक्या आनंदात होते की मला पंख्याची आठवणसुद्धा झाली नाही. चंद्रप्रकाश माझ्या दंडावर गाल टेकून झोपून गेला. क्षमाताईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात कायम झाले. दिवाळीत प्रेमाला काय घ्यायचं तेसुद्धा ठरवून टाकलं.

सुटायच्या वेळेला मी त्याला उठवलं. तो गाल वर करून उठला, आणि तो गाल जांभळा होता. दुसरा गोरा आणि हा जांभळा. मी घाबरून बाकीच्यांकडे बघितलं. कोणाचं कपाळ, कोणाचे दोन्ही तळवे, एका मुलीची हनुवटी. जो माझ्याकडे जितका रमला होता तितका तो रंगला होता.

दारात आया उभ्या होत्याच. एकीने मुलाच्या ओठांजवळ जांभळं बघितलं आणि "अगो बाई, ह्याचा श्वास अडकला!" म्हणून त्याला उचलून सरळ डॉक्टरकडे पळत सुटली. मी तिच्यामागे ओरडत, "अहो रंग आहे, रंग!"

"कसला रंग?" दुसरीने विचारलं.

"कच्चा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते!

क्षमाताईंनी सगळ्या मुलांना नळावर रांगेत उभं केलं आणि साबणाने एकेकाची तोंडं घासायला घेतली. मी मदतीला पुढे गेले तर म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका, आणखी लागेल." सगळं पांगल्यावर त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"रत्नप्रभाबाई, मुलं तुमच्याकडे आली ते मी बघितलं. माया आहे तुमच्यात. पण पांढरी नेसून आलात तर मुलं रडतात आणि ही नेसून आलात तर आया रडतात. उद्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. उद्या बघू आणि काय ते ठरवू. काय नेसायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी साड्यांच्या भानगडीत पडत नाही."

घरी येऊन मी मोरीत बसून अंग घासलं. गळ्यापासून कमरेपर्यंत मी जांभळी झाले होते. दगडाने घासलं, बेसनाने घासलं. साडी बादलीत टाकली तर पाणी शाईसारखं झालं आणि साडी पुन्हा पांढरी. म्हणजे जो रंग साडीला लागायचा तो सगळा मला आणि चारकोपच्या पोरांना लागला होता. मला हसू आलं आणि ते मध्येच बिघडलं. उद्या नोकरी गेली की पुन्हा त्या चिकटीच्या वासात जाऊन बसायचं, एवढंच डोळ्यांपुढे दिसत होतं.

सासूबाई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या काय गो? शिमगो खेळूक गेललंस काय?"

मग मी सगळं सांगितलं. सुई, चंद्रप्रकाश, पुड्या, जांभळे गाल, उद्याचा दिवस. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मगे कपाटात इतकी लुगडी पडली आसत, ती कोणासाठी?"

"आई, तुम्हाला काय वाटेल म्हणून..."

"माका इचारलंस?"

विचारलं नव्हतं.

"पांढरा नेस म्हणान तुका सांगल्यान कोणी?"

मी आठवायला लागले. भावांनी साड्या दिल्या, पण ह्याच नेस असं कोणी म्हणालं नव्हतं. शेजारीपाजारी कोणी म्हणालं नव्हतं. सासूबाई तर नाहीच. 

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. "माझो घोव गेलो तेव्हा माका सव्वीसावा वरीस," त्या म्हणाल्या. "एक हिरवा पातळ होता माझा, जरीच्या काठाचा. पेटयेत ठेवलंय. म्हटलंय, कोण तरी म्हणात, सुंदरे, नेस गो आता. नेसू नको म्हणान कोणी सांगूक नाय. पण नेस म्हणानय कोणी सांगूक नाय. मी वाट बघलंय. वरसां गेली. मगे ता वाळवीन खाल्ल्यान."

मला वाटायचं, त्या तपकिरी लुगड्याच्या आत कोणालाच काही नको आहे. अठरा वर्षं एका घरात राहून मलाही कधी त्यांना म्हणावंसं वाटलं नव्हतं.

"नेस," त्या म्हणाल्या. "मी सांगतंय तुका. नेस गो."

मी रडले. ह्यांच्या तेराव्याला लोकांसमोर रडायचं म्हणून रडले होते, तसं नाही. तोंड वेडंवाकडं करून, चंद्रप्रकाशसारखी रडले. सासूबाईंनी मला रडू दिलं आणि मग वैतागून म्हणाल्या, "पुरे. चावी खंय हा?"

चावी माझ्याच कमरेला होती.

सासूबाईंनी वरचा कप्पा अख्खा खाली काढला, चटईवर साड्यांचा ढीग घातला आणि परीक्षा घ्यायला बसल्या. एकेक साडी मला नुसती गुंडाळायला लावायच्या आणि हुकूम सोडायच्या. "वाक. खाली बस. आता उठ, हात न टेकता. ही उशी म्हणजे पोर, उचल." शालू नेसून उशी उचलायला गेले तर जरीने उशीचा दोरा ओढला. शालू नापास, तो प्रेमाच्या लग्नाला. नायलॉनच्या एकीतून वाकल्याबरोबर खांद्यावरून पदर घरंगळला, दुसरी घामाला अशी चिकटली की सोडवायला प्रेमाला बोलवावं लागलं. त्या सगळ्या नापास. मी कधी हौसेने घेतलेली, अंगभर टिकल्यांची एक होती. सासूबाईंनी ती नुसती वर धरली आणि विचारलं, "ह्या नेसान तू जातलंस खंय?" मी ती घडी घालून बाजूला ठेवली. कुठे नेसणार हे ती घेतली तेव्हासुद्धा ठाऊक नव्हतं. मी माझ्यासाठी साड्या घेतल्याच नव्हत्या. कुठल्यातरी मोठ्या घरच्या, काम न करणाऱ्या, घाम न येणाऱ्या बाईसाठी घेत होते, आणि ती बाई काही आमच्याकडे राहायला आली नाही.

तळाला पाच-सहा वायलच्या निघाल्या. सुती, मऊ, अंगाबरोबर वळणाऱ्या. डाळिंबी, शेवाळी, मोरपिशी, एक पिवळी. ह्यांनी गिरणीच्या दुकानातून दर दिवाळीला आणलेल्या, त्यांच्याच खात्यात रंगलेल्या. मी त्यांना "काय ही रोजची साडी" म्हणून नाक मुरडलं होतं, आणि रोजची म्हणूनच कधी नेसली नव्हती, ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. त्या सगळ्या पास झाल्या. उशी उचलली, वाकले, मांडी घातली, घागर घेतली. मोरपिशी नेसून उभी राहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही उद्या."

दुखवट्यातल्या ज्या पांढऱ्या धडक्या होत्या त्या प्रेमा शांताबाईकडे घेऊन गेली. शांताबाईने तिथल्या तिथे एक खांद्यावर टाकून बघितली आणि निरोप पाठवला, "आईला म्हणावं, पौर्णिमेला आमच्यासंगं विहारात ये, पण रंगाची नेसून ये."

सकाळी मोरपिशी साडी नेसून घराबाहेर पडले तेव्हा वाटत होतं, सगळा सेक्टर खिडक्यांतून बघतोय. किराणावाला वाणसामानाची गोणी उतरवत होता, त्याने मान वर केली नाही. दूधवाला सायकलवरून गेला. कोणीही बघत नव्हतं. खरं सांगू, मला थोडा रागच आला.

दारात चंद्रप्रकाश होता. गालावर अजून फिकट जांभळं राहिलं होतं. त्याने पायांपासून वर बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"कालची बाई कुठाय?"

"मीच ती," मी म्हटलं आणि खाली बसले.

आत आया उभ्या होत्या, क्षमाताई उभ्या होत्या. चंद्रप्रकाश जवळ आला. माझा पदर चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला आणि बोट डोळ्यांसमोर नेऊन बघितलं. पुन्हा चोळला, ह्या वेळी जोरात, थुंकी लावून. पुन्हा बघितलं. 

"रंग जात नाय," तो मागे वळून सगळ्यांना ओरडून म्हणाला.

बाकीची पोरं धावत आली. प्रत्येकाला स्वतः चोळून बघायचं होतं. ओले, चिकट, खडूचे हात पदराला, निऱ्यांना, खांद्याला. मला ते ह्यांना सांगायचं होतं, त्याच क्षणी, आत्ताच्या आत्ता, की तुमचा रंग बघा किती जण तपासतायत. आणि सांगायला कोणी नव्हतं. मी पोरांच्या गर्दीत तोंड घातलं.

"रत्नप्रभाबाई," क्षमाताई वरून म्हणाल्या, "सुट्टी संपली की सोमवारी जरा लवकर या. खडू तुमच्याकडेच राहतील."

मी मान हलवली. चंद्रप्रकाश अजून पदर चोळत होता.